राखणदार बदलताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीच्या पत्रात 'आपल्या क्षेत्रातील एखादा विषय सोप्या भाषेत मांडावा' असं होतं. मी संगणकातली, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलणार, असं बहुतेकांनी धरूनच ठेवलं असेल. मी बोलणार आहे हवाई दलाच्या एका प्रकारच्या विमानाबद्दल. मी हवाई दलात नाही आणि या विमानांवर कधी कामही केलेलं नाही. जे सांगणार आहे ते सगळं वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून जाहीर झालेलं आहे. पण गेली वीसेक वर्षं माझं काम एकच आहे: चालू असलेली जुनी संगणक यंत्रणा काढून तिच्या जागी नवी बसवायची, आणि तेवढ्यात एका तासासाठीही कारभार थांबू द्यायचा नाही. हे काम करणाऱ्या माणसाला या विमानांची गोष्ट आपल्याच घरातली वाटते. म्हणून हा विषय.

आधी हे विमान करतं काय ते सांगते. आपल्यापैकी निम्मे जण शेतकऱ्यांच्या घरातले आहोत. ज्वारी दाण्यात आली की शेताच्या मधोमध माळा बांधतात. गोफण घेऊन राखणदार त्या माळ्यावर उभा राहतो. खाली उभं राहून पाखरं दिसत नाहीत असं नाही, पण दिसतात ती कणसावर बसल्यावर. माळ्यावरून ती बांधाच्या पलीकडे असतानाच दिसतात. गोफण तीच, हातही तोच. फरक उंचीचा.

रडारचंही असंच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर संपतं. रडारच्या लहरी थोड्या वाकतात, पण फार नाही. पंचवीस मीटर उंच मनोऱ्यावरचं रडार शंभर मीटर उंचीवरून येणारं विमान साधारण ६० किलोमीटरवर असताना पाहू शकतं. लढाऊ विमान ताशी ९०० किलोमीटरने येत असेल, तर ते मिनिटाला १५ किलोमीटर कापतं. म्हणजे हाताशी उरली चार मिनिटं. चार मिनिटांत कोणी ओळखायचं, कोणी हुकूम द्यायचा आणि कोणी उड्डाण करायचं?

आता तेच रडार नऊ किलोमीटर उंचीवर न्या. नांदेडवरून एवढ्या उंचीवर विमान फिरत असेल, तर त्याचं क्षितिज ३९० किलोमीटरवर जातं. लातूर, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, एवढंच काय, पुणंसुद्धा त्याच्या आत येतं. प्रत्यक्षात रडारची ताकद तेवढी पुरत नाही. तरी अडीचशे किलोमीटर जरी धरले, तरी चारच्या जागी सोळा-सतरा मिनिटं मिळतात. या विमानाला 'अवॅक्स' म्हणतात, 'पूर्वसूचना विमान' म्हणतात. ते स्वतः लढत नाही. ते माळ्यावर उभं राहून बाकीच्यांना सांगतं, कुठून, किती आणि किती वेळात.

पूर्वसूचनेची किंमत आपल्या बॅचला समजावून सांगायला नको. आपण नववीत होतो तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली. दहा हजारांच्या आसपास माणसं झोपेत गेली. भूकंपाची सूचना आधी देण्याचं शास्त्र कोणाकडेच नव्हतं, आजही नाही. तिथे माणूस हतबल असतो. पण आकाशातून येणाऱ्या धोक्याची सूचना देण्याचं शास्त्र गेल्या ऐंशी वर्षांपासून उपलब्ध आहे. ती मिळाली नाही, तर दोष निसर्गाला देता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. राखणदार म्हातारा झाला की बदलावा लागतो. कधी आणि कसा बदलायचा? यात जगातल्या हुशार देशांनी दोन उलट्या दिशांना ठेच खाल्ली आहे आणि ती दोन्ही उदाहरणं योगायोगाने एकाच देशाची, ब्रिटनची आहेत.

पहिलं उदाहरण. ब्रिटिश नौदलाकडे 'गॅनेट' नावाची छोटी पूर्वसूचना विमानं होती. ती 'आर्क रॉयल' या विमानवाहू जहाजावरून उडत. १९७८ च्या अखेरीस ते जहाज जुनं झालं म्हणून कामावरून काढलं आणि त्याच्याबरोबर गॅनेटही गेली. जागी नवं काही आणलं नाही. चारच वर्षांत फॉकलंडचं युद्ध झालं. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या दोन विमानांनी समुद्राला चिकटून येत एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली. त्यातलं एक 'शेफील्ड' या युद्धनौकेला लागलं. वीस खलाशी गेले आणि काही दिवसांनी जहाज बुडालं. जहाजावर रडार होतं, पण ते जहाजाच्या डोलकाठीवर. त्याचं क्षितिज डोलकाठीपुरतं.

या गोष्टीतला दुसरा भाग मला जास्त विचार करायला लावतो. त्या दिवशी ब्रिटिश जहाजं शोधून हल्ला करणाऱ्यांना वाट दाखवली ती अर्जेंटिनाच्या एका जुन्यापुराण्या 'नेपच्यून' विमानाने. त्यावरचं रडार दुसऱ्या महायुद्धातल्या घराण्यातलं होतं, गॅनेटवर होतं त्याच घराण्यातलं. सुटे भाग मिळेनासे झाल्याने त्याच महिन्यात ती नेपच्यून विमानं कायमची उतरवली गेली. म्हणजे एका बाजूने आपला म्हातारा राखणदार आधीच घरी पाठवला होता आणि दुसऱ्या बाजूने आपला म्हातारा शेवटच्या दिवसापर्यंत माळ्यावर उभा ठेवला होता. ब्रिटिशांनी मग धावपळ करून अकरा आठवड्यांत हेलिकॉप्टरवर रडार बसवलं. ते तिकडे पोचलं तेव्हा युद्ध संपलेलं होतं.

दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. ब्रिटनच्या हवाई दलाकडे 'शॅकल्टन' नावाची विमानं होती. पंख्याची, गडगडाट करणारी. त्यांच्यावर बसवलेली रडारं गॅनेटवरूनच काढून आणलेली! त्यांच्या जागी 'निमरॉड' विमानावर नवी यंत्रणा बसवायचं काम १९७७ साली सुरू झालं. इथे प्रश्न आमच्या धंद्यातला होता. उंचावरून खाली पाहणाऱ्या रडारला जमिनीवरचं सगळंच दिसतं, डोंगर, इमारती, झाडं. त्यातून फक्त हलणारं तेवढं वेगळं काढायचं असतं. हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची कंपनसंख्या थोडी बदलते; आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी शिट्टी वाजवत जाणाऱ्या रेल्वे इंजिनाचं उदाहरण देऊन शिकवलेला तो डॉप्लर परिणाम. पण रस्त्यावरच्या मोटारीही हलतात. निमरॉडचा संगणक त्या मोटारींनाही लक्ष्य समजून त्यांच्या मागे लागला आणि भारामुळे थकून गेला. अकरा विमानांचा तो प्रकल्प अफाट पैसा खर्चून डिसेंबर १९८६ मध्ये रद्द झाला आणि ब्रिटनने अमेरिकेची तयार विमानं घेतली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. निमरॉड फसलं तरी ब्रिटनच्या आकाशाला भोक पडलं नाही, कारण जुन्या शॅकल्टन कोणी काढून टाकल्या नव्हत्या. त्या १९९१ पर्यंत उडत राहिल्या. अमेरिकी विमानं आली, माणसं शिकली, मग त्या घरी गेल्या. नवं फसलं ते पैशांत मोजलं गेलं. गॅनेटच्या वेळी जुनं आधी काढलं होतं, ते माणसांत मोजलं गेलं. मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या दोन वाक्यांत आहे.

आपल्यातले बँकेतले मित्र हे लगेच ओळखतील. शाखांमध्ये संगणक आले तेव्हा लेजरच्या वह्या त्याच दिवशी माळ्यावर टाकल्या नव्हत्या. कित्येक महिने दिवसभर संगणकात आणि संध्याकाळी वहीत अशी दोन्हीकडे नोंद व्हायची. सगळे वैतागायचे, दुहेरी काम म्हणून. पण आकडे सलग जुळले तेव्हाच वह्या बंद झाल्या. आम्ही याला समांतर चालवणं म्हणतो. दुहेरी खर्च दिसतो म्हणून वरिष्ठांना ते नेहमी नकोसं असतं. आपल्याकडे मीटरगेज उखडून ब्रॉडगेज घातली, तेव्हा रूळ बदलेपर्यंत गाड्या बंद ठेवता आल्या, लोकांनी एस.टी.ने दिवस काढले. आकाश मात्र कामासाठी बंद ठेवता येत नाही.

आता आपल्या देशाकडे वळते. १९८४ साली काही महिने देशाचं संरक्षण खातं आपल्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे होतं, हे आजच्या मुलांना सहसा ठाऊक नसतं. त्यांच्यानंतर ते नरसिंह रावांकडे गेलं, जे तेव्हा महाराष्ट्रातल्याच रामटेकचे खासदार होते. त्यांच्याच काळात, जुलै १९८५ मध्ये, संरक्षण संशोधन संस्थेने भारताचं स्वतःचं पूर्वसूचना विमान बनवायला घेतलं. पुढे त्याला 'ऐरावत' हे नाव मिळालं. जून १९८५ मध्ये आपली बॅच पहिलीत बसली होती. म्हणजे तो प्रकल्प आणि आपण एकाच वर्षाचे विद्यार्थी. मी पुढचा हिशेब आपल्या वयाने मोजणार आहे, तेवढी मुभा द्या.

विमान निवडलं गेलं ते 'अॅव्हरो'. मूळ आराखडा ब्रिटिश, आणि १९६१ पासून कानपुरात बनू लागलेलं, पंख्याचं प्रवासी विमान. त्याच्या पाठीवर खांबांवर एक मोठा फिरता घुमट बसवला. वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या. ११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूत अरक्कोणमजवळ, चाचणीहून परतताना, तो घुमट निखळला आणि शेपटीवर आदळला. विमानातले आठही जण गेले. त्यात शास्त्रज्ञ होते, हवाई दलाचे अधिकारी होते. आपण तेव्हा इंजिनिअरिंगच्या, मेडिकलच्या, बी.एस्सी., बी.कॉम.च्या वर्गांत होतो. आपल्याहून थोड्या मोठ्या वयाची, अशाच वर्गांतून बाहेर पडलेली ती माणसं होती. त्या आठ जणांसोबत चौदा वर्षांचा अनुभवही गेला आणि प्रकल्प थांबला. चारच महिन्यांनी कारगिल पेटलं. तेव्हा आपल्या हवाई दलाकडे असं एकही विमान नव्हतं.

मग दोन वाटा एकदम धरल्या गेल्या. २००४ साली इस्रायलचं 'फाल्कन' रडार रशियन घराण्याच्या 'इल्युशिन-७६' विमानावर बसवून तीन विमानं घेण्याचा करार झाला, सुमारे एक अब्ज दहा कोटी डॉलरचा. हेच रडार इस्रायल आधी चीनला देणार होता. अमेरिकेच्या दबावाखाली २००० साली तो व्यवहार मोडला. चीनने मग चिडून स्वतःचं बनवायला घेतलं आणि आज त्यांच्याकडे अशा विमानांचा मोठा ताफा आहे. आपलं पहिलं फाल्कन मे २००९ मध्ये आलं. त्याच महिन्याच्या शेवटी हवाई दलप्रमुख झाले ते साताऱ्याच्या सैनिक शाळेचे माजी विद्यार्थी प्रदीप नाईक. कुठल्या शाळेचा विद्यार्थी कुठे पोचतो, याची अशा मेळाव्यांत नोंद घ्यायला हवी.

दुसरी वाट आपली स्वतःची. २००४ मध्येच, अरक्कोणमच्या अपघाताला पाच वर्षं झाल्यावर, 'नेत्र' प्रकल्पाला मंजुरी मिळाली. या वेळी फिरता घुमट नव्हता. ब्राझीलच्या 'एम्ब्राएर' जेट विमानाच्या पाठीवर एक सरळ लांब पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना स्थिर रडार. काहीही फिरत नाही, लहरीच विजेच्या साहाय्याने वळवल्या जातात. प्रत्येक बाजूला १२० अंश, म्हणजे एकूण २४० अंश दिसतं. नाकासमोर आणि शेपटीमागे आंधळा भाग राहतो, तो विमान फिरवून भरून काढायचा. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी बंगळुरूच्या एअरो इंडियात, संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत, पहिलं 'नेत्र' हवाई दलाला मिळालं.

१९८५ ते २०१७. पहिलीच्या वर्गात बसलेली मुलगी तोवर अडतिसाव्या वर्षात होती आणि तिचीच मुलं शाळेत जायला लागली होती. राखणदार तयार व्हायला एक पिढी लागते, हा त्याचा अर्थ. म्हणून 'जुना थकला की नवा आणू' हे वाक्य या बाबतीत चालत नाही. जुना ऐन उमेदीत असतानाच नव्याची पेरणी करावी लागते.

आज आपली स्थिती काय? फाल्कन तीन आणि नेत्रसाठी घेतलेली एम्ब्राएर तीन, अशी जेमतेम सहा विमानं. आपल्या सोसायटीच्या फाटकावर चोवीस तास एक वॉचमन हवा असेल तर किती माणसं लागतात? तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, आजारपण, गावची जत्रा धरून चार-पाच. विमानाचं त्याहून अवघड. पाच-सहा तास उडायचं, त्यात जाण्यायेण्याचा वेळ, मग तपासणी, मग दुरुस्ती, आणि काही वर्षांनी महिनोन्महिने चालणारी मोठी डागडुजी. एवढ्या मोठ्या देशासाठी सहा विमानं म्हणजे एकाच फाटकावर कसाबसा कायमचा पहारा. आपल्या सीमा मात्र दोन बाजूंना आहेत आणि तिसऱ्या बाजूला समुद्र आहे.

त्यात फाल्कनचं वय वाढतं आहे. विमान रशियन घराण्याचं, बांधलेलं ताश्कंदला, रडार इस्रायलचं. एक भाग बिघडला तर तीन देशांची दारं ठोठवायची. रशिया आणि इस्रायल दोघेही अलीकडच्या वर्षांत युद्धात गुंतलेले. मी रोज पाहते त्यावरून एक सांगते. अशा यंत्रणेत सांगाडा सगळ्यांत शेवटी म्हातारा होतो. अमेरिकेची ई-३ विमानं 'बोइंग ७०७' च्या सांगाड्यावर आहेत. डॉ. होमी भाभा १९६६ साली एअर इंडियाच्या ज्या 'कांचनगंगा' विमानाच्या अपघातात गेले, ते याच जातीचं. तो सांगाडा अजून उडतो आहे. पण त्याच्या पोटातले सत्तरच्या दशकातले संगणक कधीच बदलावे लागले. संगणकाचं आयुष्य दहा-बारा वर्षं. पत्रा चाळीस वर्षं टिकतो. त्यामुळे एकदाच विमान बदललं आणि काम संपलं असं होत नाही. पोटातलं सतत बदलत राहावं लागतं, आणि ते बदलणारे हात आपले नसतील तर प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

म्हणूनच 'नेत्र'ची पुढची आवृत्ती मला महत्त्वाची वाटते. एअर इंडियाच्या ताफ्यातली सहा 'ए-३२१' विमानं घेऊन त्यांच्यावर अधिक मोठं, आपलं स्वतःचं रडार बसवण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. खर्चाचा आकडा तेव्हा सुमारे ११ हजार कोटी रुपये सांगितला गेला. वापरलेली विमानं घेतली म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला त्यात वावगं वाटत नाही. सांगाड्याचं उरलेलं आयुष्य मोजता येतं. मोजता न येणारी गोष्ट आहे ती आतली कारागिरी, आणि ती आपली असणार आहे. चिंता वेगळीच आहे, आणि ती वेळेची. निर्णय झाला म्हणजे विमान आलं असं नसतं, हे ऐरावतने शिकवलं आहे.

कोणी विचारेल, ही विमानं आता हवीतच कशाला? प्रश्न रास्त आहे. ती मोठी, संथ, लपता न येणारी असतात. २०२४ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत युक्रेन युद्धात रशियाने आपली दोन ए-५० पूर्वसूचना विमानं गमावली. अमेरिकेतही हाच वाद आहे. तिथल्या ई-३ विमानांची संख्या ३१ वरून १६ वर आली. त्यांच्या जागी ठरवलेलं 'ई-७' हे विमान २०२५ साली संरक्षण खात्यानेच नको म्हटलं, कारण पुढे उपग्रहच हे काम करतील. तिथल्या संसदेतल्या अनेकांनी त्याला विरोध केला. ब्रिटनने आपली ई-३ विमानं २०२१ मध्ये उतरवली, ई-७ यायच्या आधीच. १९७८ चा धडा देशांनाही चाळीस वर्षं पुरत नाही.

उपग्रह उद्या हे काम करतीलही. मी तंत्रज्ञानातली आहे, नव्याला नाही म्हणणारी नाही. पण आमच्या क्षेत्रात जी नवी यंत्रणा कागदावर आहे, तिच्या भरवशावर चालू यंत्रणा बंद करणाऱ्याला आम्ही शूर म्हणत नाही. उपग्रहांनी आधी काही वर्षं विमानांच्या शेजारी उभं राहून तेच काम करून दाखवावं, दोन्हींच्या नोंदी जुळाव्यात, मग खुशाल विमानं उतरवावीत.

शेवटी माणसांबद्दल बोलते, कारण बदलीच्या खर्चात हा रकाना नेहमी राहून जातो. पडद्यावर दिसतो तो ठिपका. तो आपला की परका, हे ओळखणं हेच खरं काम. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनगरजवळ बडगाममध्ये आपलंच एक हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्या सहांत आपल्या नाशिकचा एक तरुण अधिकारी होता. चौकशीनंतर हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. पाहण्याची साधनं कितीही चांगली असोत, ओळखणं आणि योग्य माणसापर्यंत योग्य क्षणी निरोप पोचवणं हे सरावाने येतं. तो सराव नव्या यंत्राबरोबर खोक्यात येत नाही. जुन्या पडद्यावर बसलेल्यांनी नव्या पडद्यावर शेजारी बसून तो द्यावा लागतो. म्हणजे इथेही दोघे काही काळ एकत्र असायलाच हवेत.

त्याच दिवशी लढाऊ विमानांना जमिनीवरून दिशा देणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांना पुढे युद्ध सेवा पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्या शाळेतल्या मुलींना हे मुद्दाम सांगा. हवाई दल म्हणजे फक्त विमान उडवणं, असं समजून आपल्याकडच्या कितीतरी हुशार मुली ती वाटच पाहत नाहीत. लातूरच्या शिकवण्या आणि आपलं विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग कॉलेज यांतून दरवर्षी जी मुलं-मुली बाहेर पडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची नजर पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या नोकऱ्यांवर असते. माझीही होती, त्यात गैर काही नाही. पण त्याच बंगळुरूत 'नेत्र' बनवणारी प्रयोगशाळाही आहे. रडारच्या लहरीतून मोटार आणि विमान वेगळं करणारं गणित कोणीतरी लिहितं आहे. त्या खुर्च्याही दर तीस वर्षांनी रिकाम्या होतात, आणि ऐरावतच्या काळातली माणसं आता निवृत्त होत आहेत.

मित्रमैत्रिणींनो, आपण कुठेही असू, कुणाच्या ना कुणाच्या भरवशावर झोपतो. तो राखणदार म्हातारा दिसू लागला, तर त्याला हिणवू नका आणि घाईने घरीही पाठवू नका. त्याच्या शेजारी नवा उभा आहे का, एवढं विचारा. आपल्या खासदाराला विचारा, आपल्या संस्थेत विचारा, आणि ज्यांचे आईवडील गावाकडे एकटे राहतात त्यांनी आपल्या घरातही विचारा. उत्तर 'अजून नाही' असेल, तर कामाला लागायची वेळ आजची आहे, जुना अजून माळ्यावर उभा आहे तोवरच.